बारा ते पाच, जीप शून्य

डिसेंबरातला दुसरा मंगळवार, सकाळचे नऊ. पार्किंगची रक्कम: तासाला वीस रुपये, पहिला तास फुकट. हजर: व्यापारी मंडळाचे अध्यक्ष शांतीलालजी, नगरपालिकेचे एक अभियंता आणि मी. जागा: शांतीलालजींच्या कापड दुकानाची गादी.

गाव नंदुरबार जिल्ह्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे घडले त्यात गावाचा दोष नाही. दोष बराचसा माझा आहे.

माझ्याविषयी एवढेच की मी नाशकात एका कारखान्यात खर्चाचा हिशेब बघतो आणि रविवारी रस्त्यावरची उभी वाहने मोजतो. आम्ही पाच जण आहोत. आमचे म्हणणे साधे आहे. रस्त्याकडेची जागा सगळ्यांची असते, पण ती फुकट असली की जो आधी येऊन दिवसभर गाडी लावून ठेवतो त्याचीच होते. म्हणून वेळेप्रमाणे पैसे घ्यावेत. हे सांगत आम्ही निरनिराळ्या नगरपालिकांत जातो. आधी मोजतो, मग बोलतो.

शांतीलालजींनी माझा एक लेख वाचून मला बोलावले होते. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, दुकान तेव्हापासूनचे. शुक्रवारी नगरपालिकेत सुनावणी होती. प्रस्तावात दोन कलमे होती. पहिले पार्किंग शुल्काचे, ते मीच लिहून दिले होते. दुसरे व्यापारी मंडळाचे: डोंगरात जाणाऱ्या जीपचा थांबा बाजारातून काढून दोन किलोमीटर बाहेर, नाक्यापलीकडे न्यावा.

"दुसऱ्या कलमाचं काय करायचं?" मी विचारले होते.

"तुम्ही मोजा ना साहेब. आकडा बोलेल ते मान्य," शांतीलालजी म्हणाले. हे माझेच वाक्य होते, माझ्या लेखातले. मला बरे वाटले.

मंगळवार, बाजाराचा दिवस

आमची पद्धत अशी: दर अर्ध्या तासाने तोच रस्ता चालायचा आणि प्रत्येक वाहनाचे शेवटचे चार आकडे वहीत लिहायचे. म्हणजे कोणते वाहन किती वेळ हलले नाही ते कळते. नाशकात आम्हाला कोणी विचारतही नाही. फार तर एखादा दुकानदार पाणी देतो.

इथला थांबा पिंपळाखाली आहे. दहा वाजता तिथे सव्वीस जीप होत्या. टपावर पोती, मागे शिडीला कोंबड्या बांधलेल्या. साडेदहाला चोवीस. अकराला पंधरा. साडेअकराला सहा. बाराला शून्य.

मला वाटले, बाजार आटोपला. दुकानांपुढच्या रस्त्यावर मात्र एकसष्ट वाहने होती आणि त्यांतली अडतीस सकाळपासून जागची हलली नव्हती. त्या अडतिसांच्या मालकांची नावे मी आजूबाजूला विचारून घेतली. सगळी दुकानदारांचीच. हे दर गावात निघते. गिऱ्हाइकाला जागा नाही म्हणून ओरडणाऱ्याचीच गाडी त्याच्या दुकानापुढे उभी असते. तेवढ्या शोधावर मी खूश होतो.

साडेबारा, शून्य. एक, शून्य. पाचपर्यंत मी दर अर्ध्या तासाला शून्य लिहिले. पिंपळाखाली माणसे वाढत होती, हे मला दिसत होते. बायका पोत्यांना टेकून बसल्या होत्या, पोरे झोपली होती. पण माझ्या तक्त्यात माणसांसाठी रकाना नव्हता.

पाच वाजता थांब्याजवळच्या टपरीवर चहा घ्यायला गेलो. टपरीवाले धनराज आप्पा साठीचे. त्यांनी कप ठेवला आणि माझ्या वहीकडे पाहिले.

"भाऊ, तुम्ही फायनान्सना माणूस शेतस का?"

मी नाही म्हणालो.

"मग सकाळपाईन गाड्यास्ना नंबर कसाले लिखी ऱ्हायनात?"

मी सांगू लागलो. आप्पांनी अर्ध्यातच हात वर केला. मग त्यांनी जे सांगितले ते मी मराठीत देतो. कर्जावर घेतलेल्या जीपचे हप्ते थकले की कंपनीचा एक माणूस बाजाराच्या दिवशी येतो. चांगले कपडे, हातात वही. टपरीवर बसून नंबर टिपतो आणि फोन लावतो. अर्ध्या तासात चौघे येतात, किल्ली काढून घेतात आणि जीप नेतात. इथल्या बहुतेक जीप हप्त्याच्या आहेत. मी दुसरी फेरी मारली तेव्हाच एकाने दुसऱ्याला खूण केली होती.

"तुमले देखीसन पळी ग्यात सर्वा. आते ह्या बाया घर कशा जातीन?"

मी मागे वळून पाहिले. मोजले. एकशे बारा माणसे होती.

"काही निंघी बी ग्यात चालत," आप्पा म्हणाले. "ती सुमी, दिलवर वसावेनी वहिनी. पोऱ्याले ताप शे, दवाखान्यात लई येल व्हती. दिलवरच पळी ग्या ते तिले कोण लई जाई? दोन वाजता कडेवर पोऱ्या लिसन निंघनी."

"किती लांब आहे?"

"मोलगीना बी पुढे."

सकाळी शाळेच्या भिंतीवर पाहिलेला जिल्ह्याचा नकाशा आठवून मी घाटावरच्या मोलगीचे अंतर काढायचा प्रयत्न केला. मग तो सोडून दिला. चहाचा कप हातात तसाच राहिला. आजवर माझ्या मोजण्याने कोणाचे काही बिघडल्याचे मला माहीत नव्हते.

बुधवार

शांतीलालजींच्या घरी जेवण. बाजरीची रोटी, गट्ट्याची भाजी, कैरीचे लोणचे. त्यांच्याकडे कांदा-लसूण नाही, सूर्यास्तानंतर जेवणही नाही. आमच्या घरी कांद्यावाचून फोडणी होत नाही, तरी ती भाजी मी एरवी दोनदा घेतली असती. त्या दिवशी रोटी चिवडत बसलो.

त्यांनी माझा तक्ता पाहिला आणि बोट एकाच ओळीवर ठेवले.

"बारा ते पाच, जीप शून्य. म्हणजे बाजाराच्या दिवशीसुद्धा थांबा रिकामा. साहेब, याच्यापुढे कोण काय बोलेल?"

"पण त्या मला बघून पळाल्या."

"का पळाल्या ते आपण कुठं लिहितो? होत्या की नव्हत्या?"

"नव्हत्या."

"मग झालं. रोटी घ्या."

आकडा खरा होता. अर्ध्या अर्ध्या तासाने, वेळ टाकून, माझ्या अक्षरात लिहिलेला. तो शुक्रवारी वाचला गेला की थांबा नाक्यापलीकडे जाणार आणि डोंगरातल्या बायका पोती डोक्यावर घेऊन दोन किलोमीटर चालणार, दर मंगळवारी. त्याहून मोठी भीती वेगळी होती. ती बाई पोहोचली की नाही हे कोणालाच माहीत नव्हते. आप्पांनी माझ्यासमोर चारदा दिलवरला फोन लावला. वर रेंज नव्हती.

"उद्या सकाळी येई तो," आप्पा म्हणाले. "मी तुमले बठाडी देस. पण कोण शेतस ते सांगू नका."

गुरुवार, मोलगीकडे

दिलवर वसावे तिशीचा, बारीक, डोळ्यांवर टोपी ओढलेला. आप्पांनी "पाहुणा शे" एवढेच सांगून मला पुढच्या सीटवर बसवले. तिथे आधीच तिघे होते. जीपमध्ये किती माणसे बसली ते मला नीट मोजता आले नाही, कारण टपावरची दिसत नव्हती. पायांच्या चार जोड्या खिडकीसमोर लोंबत होत्या.

घाट सुरू झाला. डावीकडे डोंगर, उजवीकडे काही नाही. वळणावर टपावरची पोती दरीकडे झुकत आणि जीप त्यांच्यामागे जाते की काय असे वाटे. दिलवर एका हाताने गिअर टाकी, दुसऱ्याने बाहेरचा आरसा धरी, कारण तो सुटला होता. खाली सागाची पाने वाळून तांबूस झाली होती. मध्येच उतारावर एवढीशी शेते, एखादे कौलारू घर, त्यापुढे उभी लहान मुले. देखणा मुलूख आहे. मी त्याकडे फार पाहिले नाही. प्रत्येक पायवाटेवर मला कडेवर पोर घेतलेली बाई दिसत होती.

भीती वाटली की मी आकडे लिहितो. ही जुनी खोड. मी नकळत वही काढली आणि दगडावरचा किलोमीटर टिपला.

जीप वळणावरच थांबली. दिलवरने इंजिन बंद केले.

"मंगळवारी पिंपळाखाली तुम्हीच होते ना?"

मी हो म्हणालो. टपावरचे दोघे उतरून माझ्या दाराशी आले. दाराला आतून कडी नव्हती. दरी पाच-सहा फुटांवर होती.

मागून एक म्हातारा त्यांच्या भाषेत काही म्हणाला आणि सगळे हसले. मी सोडून.

"काय म्हणाले ते?"

"म्हणतो, याला इथंच उतरवा, चालू द्या. मंग मोजता येईल, किती लांब आहे ते." दिलवर हसला नव्हता. "वही द्या."

त्याने पाने उलटली, आपला नंबर शोधला आणि त्यावर अंगठा ठेवला. मी फायनान्सचा नाही, पार्किंगचे मोजतो, शुक्रवारी सुनावणी आहे, हे सगळे मी भराभरा सांगितले. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

"पार्किंगला नंबर कशाला लागतो?"

"कोणती गाडी किती वेळ उभी राहते ते कळायला."

"ते मला विचारायचं होतं," दिलवर म्हणाला. "भरेपर्यंत."

वीस वर्षे मी उभ्या गाड्यांविषयी वाचतो आहे. दुकानापुढची गाडी मालकाची वाट बघते आणि जीप माणसांची. दोन्ही माझ्या वहीत एकाच रकान्यात होत्या. एका मोटारीहून थोड्याच जास्त जागेत ही जीप वीस माणसांना घरी नेते, आणि भरेपर्यंत उभी राहिली नाही तर तिला सुटणेच परवडत नाही. हे त्या वळणावर माझ्या लक्षात आले.

"सुमीबाई पोहोचल्या का?" मी विचारले.

त्याने वही परत दिली आणि जीप सुरू केली. "चला. बघा," एवढेच म्हणाला.

मोलगीत उतारू उतरले. मग आम्ही दोघे अर्धा तास चढ चालत त्यांच्या पाड्यावर गेलो. कुडाच्या घरापुढे अंगणात एक दोन-अडीच वर्षांचा मुलगा मक्याच्या कणसाशी खेळत बसला होता. दिलवरने त्याला उचलले आणि माझ्यापुढे धरले, जणू पावती दाखवावी तसे.

"ताप उतरला काल," तो म्हणाला.

मी त्या मुलाच्या कपाळाला हात लावला. परक्याचे पोर, विचारायला हवे होते. मला राहवले नाही. तो रडायला लागला.

सुमीबाई आतून बाहेर आल्या. पंचविशीच्या असतील. उजव्या टाचेला फडके बांधले होते. दिलवरने सांगितले ते असे: घाटाखालपर्यंत एका ट्रॅक्टरने सोडले, पुढे चढ चालल्या, दिवस मावळायला लागला तसा वाटेतल्या पाड्यावर नात्यातल्यांकडे थांबल्या आणि सकाळी घरी आल्या. मुलगा वाटेत दोनदा ओकला होता.

मी हात जोडले. त्या दिलवरला काही म्हणाल्या.

"विचारते, तुम्हाला कोणी पगार देतं का याचा?"

"नाही. स्वखुशीने करतो."

ते ऐकून त्यांनी मान हलवली. मला जास्त वाईट वाटले.

पाड्यावरचे भांडण-तंटे ज्यांच्यापुढे मिटतात ते गुलाबसिंग काका, म्हणजे दिलवरचे चुलते, इतक्यात आले. अंगणातल्या खाटेवर बसले. आणखी चौघे जमिनीवर बसले. मला भाकरी, उडदाची घट्ट डाळ आणि मिरचीची चटणी दिली. आधी जेवायचे, मग बोलायचे, असा तिथला रिवाज दिसला. ज्याचा न्याय करायचा त्याला आधी जेवू घालतात हे आमच्याकडे नाही. डाळ चांगली होती आणि मी भीत भीत ती सगळी संपवली.

मग मी पैशांचे काढले. दिलवरची बुडालेली फेरी, सुमीबाईंचा त्रास, जो आकडा सांगाल तो.

"आकड्याची घाई का?" काकांचे मराठी शाळेतले, स्वच्छ होते. "दंड नंतर. तुम्ही चूक कुठं केली?"

"बाजारात."

"मग आधी तिथं सांगून या. जे घरी पोहोचले त्यांना सांगून काय उपयोग?"

शुक्रवार, सुनावणी

नगरपालिकेच्या सभागृहात मुख्याधिकारी मॅडम, ते अभियंता आणि तीसेक व्यापारी. डोंगरातले कोणी नव्हते. सूचना मराठीत, फलकावर लावली होती. ती वर पाड्यापर्यंत कशी जाणार?

शांतीलालजींनी निवेदन वाचले. त्यात माझे नाव दोनदा आणि "जीप शून्य" तीनदा होते. मग त्यांनी माझ्याकडे हात केला.

तीन रात्री मी ज्यांच्या घरी राहिलो, त्यांच्याच ताटातले खाल्ले, त्यांच्यासमोर उभा राहून मी म्हणालो, "तो आकडा रद्द समजावा. मोजणाऱ्याला भिऊन गाड्या गेल्या होत्या. मोजणारा मी होतो."

सभागृहात कुजबुज झाली.

"मग खरा आकडा किती?" मॅडमनी विचारले.

"माहीत नाही."

असे उत्तर मी आजवर कुठेच दिले नव्हते. पाठीमागून कोणीतरी म्हणाले, "नाशिकहून हे सांगायला आले का?" हशा झाला. तो ओसरल्यावर मी दुसरा आकडा सांगितला, जो पक्का होता. दुकानांपुढची एकसष्ट वाहने, त्यांतली अडतीस न हललेली, सगळी या सभागृहात बसलेल्यांची. शुल्क लावायचे तर ते आधी तिथे लागू व्हावे. आणि थांबा म्हणजे पार्किंग नव्हे, तिथे वाहने उभी असतात ती माणसांना नेण्यासाठी.

या वेळी कोणी हसले नाही. शांतीलालजी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, हे काल माझ्या घरी सांगायचं."

ते बरोबर होते. बुधवारी मी रोटी चिवडत बसलो आणि गुरुवारी संध्याकाळी परतल्यावरही बोललो नाही. धीर झाला नाही, एवढेच कारण.

मॅडमनी दुसरे कलम पुन्हा मोजणी होईपर्यंत थांबवले. शुल्काचे कलम हरकतींसाठी खुले ठेवले. बाहेर चौघे माझ्या वाटेत उभे होते. एकाने नुसते विचारले, "गाडी कधीची आहे तुमची?" मी पुढच्या मंगळवारपर्यंत आहे म्हणालो आणि चालत राहिलो. मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही. शांतीलालजींच्या घरून बॅग उचलली. त्यांच्या पत्नीने वाटेसाठी म्हणून खाकऱ्याचे पुडके दिले. ते स्वतः बाहेर आले नाहीत. मी लॉजवर गेलो आणि दाराला आतून दोन्ही कड्या लावल्या.

पुन्हा मंगळवार

या वेळी मी दिलवरच्या जीपच्या बोनेटला टेकून उभा राहिलो, सगळ्यांना दिसेल असा. नंबर लिहिला नाही. प्रत्येक जीप कधी आली, कधी सुटली आणि किती माणसे घेऊन, एवढेच ड्रायव्हरने सांगायचे आणि मी टिपायचे. सुटताना आवाज येई, "सर, एकोणीस आणि एक बोकड." दुपारी एकला थांब्यावर एकतीस जीप होत्या. कोणी मोबाईल काढून फोटो घ्यायला लागले की साऱ्या थांब्याची मान तिकडे वळे. माझीही. एकदा पांढऱ्या शर्टातला एक माणूस टपरीवर येऊन बसला तेव्हा तीन इंजिने सुरू झाली. तो विम्याचा निघाला. तरी ती तीन इंजिने बराच वेळ बंद झाली नाहीत.

दुपारी गुलाबसिंग काका आणि सुमीबाई बाजार करून आले. मुलगा कडेवर होता. काकांनी धनराज आप्पांना बोलावून घेतले, साक्षीला.

"बोलून आले हे," काका म्हणाले. "आता दंड. सुमीचं नुकसान सुमी सांगेल."

मी खिशात दोन हजार रुपये वेगळे ठेवले होते. दिलवर मध्ये बोलला, त्याच्या फेरीचे काही नको. तो स्वतःच्या हप्त्याला भिऊन पळाला, त्याचे पैसे कोणी दुसऱ्याने का द्यावेत?

सुमीबाई बोटांवर मोजत बोलल्या आणि दिलवर सांगत गेला. त्या दिवशी त्यांनी पाच किलो कांदे आणि पाच किलो बटाटे घेतले होते, दोनशे वीस रुपयांचे. पोर आणि ओझे दोन्ही उचलेना, तेव्हा ओझे आप्पांना विकले. आप्पांनी एकशे दहा दिले.

"निम्माच भाव दिना मी," आप्पा खाली बघत म्हणाले. "मीबी दुकानदारच शे."

"म्हणजे एकशे दहा," मी म्हणालो.

सुमीबाईंनी लगेच मान हलवली आणि काही सांगितले. दिलवरला पहिल्यांदा हसू आले.

"म्हणते, एकशे तीस. थैली पण त्यातच गेली. थैली नवी होती, वीसची."

टाचेचे, रात्रीचे, पोराच्या दोन ओकाऱ्यांचे काय, असे मी विचारले. काकांनी दिलवरकडे पाहिले, दिलवरने सुमीबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, ते तुम्ही मोजू नका.

दिले ते असे: एकशे तीस रुपये, सुमीबाई वसावे यांना, त्यांच्या हातात, रोख. त्यांनी ते दोनदा मोजून घेतले.